जुन्या कॅसेटवरची लोकगीते: वाटायची प्रत वेगळी, जपायची प्रत वेगळी

नमस्कार.

आपला प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. आपले वडील कळवण-सुरगाणा पट्ट्यात प्राथमिक शिक्षक होते आणि 1980 च्या दशकात त्यांनी घरच्या टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेल्या यंत्रावर, साठ-सत्तर कॅसेट भरून ठेवल्या. त्यांत बायकांच्या जात्यावरच्या ओव्या आहेत, श्रावणातली कानबाईची गाणी आहेत, डोंगऱ्यादेवाच्या उत्सवातले पावरी या वाद्याचे वादन आहे, थाळीच्या नादावर कथा गाण्याचे थाळगान आहे, गावच्या भजनी मंडळाची भजने आहेत आणि सोबत बाजारातून विकत आणलेल्या भीमगीतांच्या व शाहिरीच्या काही कॅसेटही आहेत. आता आपण नाशिकला राहता आणि शाळेपासूनच्या चार मित्रांसह हा संग्रह संगणकावर उतरवून आपसांत वाटावा, असा आपला विचार आहे. ऑनलाइन मिळणारा स्वस्त यूएसबी कॅसेट प्लेयर पुरेल का, एमपीथ्री केले तर चालेल का, व्हॉट्सॲप गटावर आणि यूट्यूबवर टाकायला कायद्याची अडचण आहे का, आणि काम झाल्यावर कॅसेट टाकून द्याव्यात का, असे चार प्रश्न आपण विचारले आहेत.

नाशिकमध्ये जुन्या फिती आणि तबकड्या संगणकावर उतरवून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, त्यामुळे या चारही प्रश्नांची उत्तरे पुढे देतो. मात्र माझ्या मते घोटाळा होतो तो वेगळ्याच ठिकाणी. गाणे मित्रांत वाटले म्हणजे ते जपले गेले, असे आपण धरून चालला आहात. वाटण्यासाठी गाणे हलके, ऐकायला सुखद आणि चटकन पोहोचणारे लागते. जपण्यासाठी ते फितीवर जसे आहे तसे, खरखरीसकट आणि कोणी, कुठे, केव्हा गायले या नोंदीसकट लागते. एकाच फाइलकडून दोन्ही कामे करून घेतली की जपण्याचे काम हटकून मागे पडते. म्हणून प्रत्येक कॅसेटच्या दोन प्रती करायच्या, एक जपणुकीची आणि तिच्यावरून दुसरी वाटपाची, एवढे आधी ठरवून घ्या. पुढचे बहुतेक निर्णय त्यातून आपोआप सुटतात.

या दोन्हींच्याही आधी करायचे एक काम आपल्या प्रश्नात कुठेच आलेले नाही, ते म्हणजे कोण गाते आहे हे लिहून काढणे. बरी अवस्था असलेली फीत कोरड्या कपाटात आणखी दोन वर्षे राहिली तर सहसा फारसे बिघडत नाही. पण 1985 साली तिशीत असलेली गाणारी बाई आज सत्तरीत आहे, आणि तिचा आवाज ओळखणारी माणसेही त्याच वयाची आहेत. तेव्हा यंत्र विकत घेण्याआधी प्रत्येक कॅसेटला अनुक्रमांक द्या, आतल्या कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, वडिलांच्या अक्षरातले अर्धवट शब्दही जसेच्या तसे वहीत उतरवा. ज्या कॅसेट धडधाकट दिसतात त्यांची फोनवर कच्ची प्रत करून घ्या, स्पीकरसमोर फोन ठेवून केलेली असली तरी हरकत नाही, आणि ती घेऊन त्या त्या गावी जा. या कच्च्या प्रतीचे काम फक्त ओळख पटवण्यापुरते असते.

ओव्यांच्या बाबतीत माझा अनुभव असा की ओळख आवाजावरून कमी आणि शब्दांवरून जास्त पटते. जात्यावर बसलेली बाई आपल्या भावाचे, लेकाचे, माहेरच्या गावाचे नाव ओवीत गुंफत जाते. एका अंगणात अशीच कच्ची प्रत ऐकवत असताना जमलेल्या बायकांना आवाज कोणाचा ते सांगता येईना. चौथ्या-पाचव्या ओवीत भावाचे नाव आणि त्याच्या मळ्यातल्या विहिरीचा उल्लेख आला, तसे दोघींनी एकदमच घर सांगितले. म्हणून गाण्यातली नावे ऐकता ऐकता वहीत टिपत जा. पुण्याच्या गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या जमल्या आणि आता त्यांतल्या बऱ्याच ओव्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. तिथे ओवीखाली गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, तालुका अशा नोंदी कशा दिल्या आहेत ते एकदा जरूर पाहा. आपल्या वहीतले रकाने त्यावरून आखता येतील. मी त्यात आणखी दोन रकाने घालतो: 'हे कोणी ओळखले' आणि 'कधी ओळखले'. पुढे ओळख चुकीची निघाली तर ती कुठून आली हे शोधता येते.

आता कॅसेटकडे वळू. इथे बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे आणि आपल्या कॅसेट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी ठाम सांगू शकणार नाही. त्या इतकी वर्षे कुठे राहिल्या हे फार महत्त्वाचे. येवला-नांदगावकडच्या कोरड्या घरांतून येणाऱ्या कॅसेटमध्ये मुख्यतः धूळ असते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरीकडच्या पावसात वर्षानुवर्षे राहिलेल्या कॅसेटमध्ये बुरशी निघते. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून पाहिले तर फितीच्या गुंडाळीच्या कडेवर पांढुरके किंवा करडे ठिपके दिसतात. अशी एकही कॅसेट यंत्रात घालू नका. ती बुरशी हेडला (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) आणि फीत ओढणाऱ्या रबरी रोलरला लागते आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटवर जाते. बुरशीच्या कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा, तोंडाला मास्क लावल्याशिवाय उघडू नका आणि तेवढ्या तरी एखाद्या जाणकाराकडे द्या. बाकीच्या घरी करता येण्यासारख्या आहेत.

पहिले काम दोन मिनिटांचे आहे. कॅसेटच्या पाठीवर दोन टोकांना प्लास्टिकचे दोन छोटे कान असतात. ते शाबूत असतील तर मोडून टाका, आणि वडिलांनी पुन्हा भरण्यासाठी तिथे सेलोटेप चिकटवली असेल तर ती काढा. यानंतर चुकून रेकॉर्डचे बटण दाबले तरी ते खाली जाणार नाही. अनेक घरांतली गाणी काळाने पुसली जाण्याच्या कितीतरी आधी नातवंडांच्या बोटांनी पुसली गेली आहेत, म्हणून हे काम पुढे ढकलू नये.

नंतर फितीसमोरची मधली जागा पाहा. तिथे तांब्याच्या रंगाच्या पातळ पट्टीवर फेल्टचा एक चिमुकला चौकोन चिकटवलेला असतो आणि तो फितीला हेडवर दाबून धरतो. तीस-चाळीस वर्षांत त्याचा गोंद सुकतो आणि चौकोन गळून पडतो. मग आवाज दबलेला आणि वर-खाली होणारा येतो, आणि 'कॅसेट गेली' असा समज करून ती टाकून दिली जाते. खरे तर फीत ठणठणीत असते. पाच स्क्रूंची एखादी साधी, नको असलेली कॅसेट घ्या, ती सपाट टेबलावर उघडा, तिच्यातली गुंडाळी काढा आणि आपल्या कॅसेटच्या दोन्ही चकत्या उचलून तिच्यात ठेवा. फीत कोपऱ्यांतल्या छोट्या रोलरवरून गेली आहे ना, आणि चकत्यांच्या वर-खाली असणारे गुळगुळीत पातळ कागद आपापल्या जागी आहेत ना, एवढे पाहून स्क्रू आवळा. आपली कॅसेट स्क्रूची नसून डकवलेली असेल तर ती कडेने पात्याने उकलावी लागते. पहिला हात एखाद्या सिनेमाच्या गाण्यांच्या कॅसेटवर बसवून घेतलेला बरा. जुन्या कॅसेटचे कवच आणि कागद मात्र अनुक्रमांक घालून जपून ठेवा, कारण अक्षर त्याच्यावर आहे.

कॅसेट किती मिनिटांची आहे यावरही काळजी ठरते. सी-60 ची फीत साधारण 16 ते 18 मायक्रॉन जाड असते, सी-90 ची 12 च्या आसपास आणि सी-120 ची जेमतेम 9. पैसे वाचावेत म्हणून लोक सी-120 घेत आणि रात्रभराचा कार्यक्रम तिच्यावर भरत. तिला जोरात पुढे-मागे पळवू नका. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा नेहमीच्या वेगाने वाजवा, तेव्हाच उतरवून घ्या.

आता आपला पहिला प्रश्न. स्वस्त यूएसबी प्लेयर कच्च्या प्रतीसाठी वापरायला माझी हरकत नाही, पण जपणुकीच्या प्रतीसाठी तो घेऊ नका. त्यांपैकी बहुतेकांचा वेग डगमगतो, त्यामुळे लांबवलेला सूर थरथरतो, आणि हेडचा कोन नीट जुळवण्याची सोय सहसा नसते. माझ्या दृष्टीने ही दुसरी उणीव मोठी आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

प्रत्येक टेपरेकॉर्डरचे हेड फितीला अगदी काटकोनात असायला हवे, पण घरगुती यंत्रांत ते थोडे कललेले असते. वडिलांच्या टू-इन-वनचे हेड ज्या कोनात होते, त्याच कोनात गाणे फितीवर बसले आहे. आपण ते वेगळ्या कोनाच्या हेडवर वाजवले की वरचे सूर नाहीसे होतात, टाळांची किणकिण बोथट होते आणि शब्दांतले 'स' आणि 'च' तोंडात कापड धरून बोलल्यासारखे येतात. चांगल्या डेकमध्ये, म्हणजे स्पीकर-रेडिओ नसलेल्या नुसत्या कॅसेट यंत्रात, हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो आणि कॅसेटच्या खणाचे झाकण काढले की तो बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवता येतो. फीत चालू ठेवा, डाव्या-उजव्या दोन्ही वाहिन्यांचा आवाज एकत्र करून हेडफोनवर ऐका, आणि स्क्रू अगदी थोडा इकडे-तिकडे फिरवून टाळ किंवा 'स' सर्वांत लख्ख कुठे येतो ते शोधा. प्रत्येक कॅसेटच्या प्रत्येक बाजूला हे नव्याने करावे लागते. कंटाळवाणे आहे, पण या एका स्क्रूने जे मिळते ते नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत आणता येत नाही. काम संपल्यावर एखादी कारखान्यात भरलेली चांगली कॅसेट लावून स्क्रू पूर्वपदावर आणून ठेवा.

तेव्हा जुना पण चालू स्थितीतला स्टिरिओ डेक मिळवा. नवे डेक आता क्वचितच बनतात, म्हणून शहरातल्या जुन्या रेडिओ-टेप दुरुस्तीवाल्यांकडे विचारणा करा आणि घेताना बेल्ट व रबरी रोलर बदलून घ्या. पाच जणांत खर्च वाटला तर तो अंगावर येणार नाही. हेड आणि फीत ज्यांवरून जाते ते धातूचे भाग दर दोन-तीन कॅसेटनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. संग्रहात लाखेच्या, म्हणजे 78 फेऱ्यांच्या तबकड्या निघाल्या तर मात्र त्यांना अल्कोहोलचा थेंबही लावू नका, त्याने लाख विरघळते.

डेकच्या मागच्या लाइन-आउटमधून आवाज घ्या आणि लाइन-इन असलेल्या साध्या ऑडिओ इंटरफेसमार्फत (संगणकाला आवाज पोहोचवणाऱ्या छोट्या जोडयंत्रामार्फत) संगणकात न्या. लॅपटॉपचे माइकचे भोक बहुधा एकाच वाहिनीचे असते आणि स्वतःची खरखर घालते, ते टाळा. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. आवाजाची पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा संबळाचा ठोकाही उणे 6 डेसिबलच्या आसपास थांबेल. एकदा वरची मर्यादा ओलांडून फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. वडिलांचे यंत्र एकाच वाहिनीचे असले तरी उतरवताना दोन्ही वाहिन्या घ्या. कधी कधी फितीची एक कड खराब असते आणि दुसऱ्या वाहिनीवर तेच गाणे स्वच्छ मिळते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातूनच निघते. जपणुकीची प्रत वेव्ह स्वरूपात, 24 बिट आणि 48 किलोहर्ट्झवर ठेवा. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही 48 किलोहर्ट्झ ही किमान मर्यादा मानली आहे आणि 96 ची शिफारस केली आहे; घरगुती टू-इन-वनवर भरलेल्या कॅसेटसाठी मला 48 पुरेसे वाटते. याप्रमाणे तासाभराच्या स्टिरिओ ध्वनीला सुमारे 1 जीबी जागा लागते. आपल्या सत्तर कॅसेट तास-दीड तासाच्या धरल्या तर सगळा संग्रह 75 ते 110 जीबीत बसतो, आणि आजच्या साध्या 1 टीबी डिस्कपुढे हा आकडा किरकोळ आहे. जागा वाचवायचीच असेल तर फ्लॅक स्वरूप वापरा. त्यात फाइल बरीच लहान होते आणि काहीही गळत नाही. एमपीथ्रीत आवाजाचा काही भाग कायमचा टाकून दिलेला असतो, म्हणून ते स्वरूप वाटपाच्या प्रतीपुरतेच ठेवा. फाइलचे नाव लांबलचक नको: कॅसेटचा क्रमांक आणि बाजू, म्हणजे '014-1', '014-2' एवढेच. बाकी सगळे त्या क्रमांकासमोर वहीत आणि तक्त्यात.

जपणुकीच्या प्रतीवर खरखर काढणारे सॉफ्टवेअर चालवू नका, ही माझी सर्वांत आग्रहाची सूचना आहे. ही सॉफ्टवेअर एकसारखा चालू असलेला आवाज शोधून तो वजा करतात. सिनेसंगीताला ते बऱ्यापैकी लागू पडते. पण आपल्या कॅसेटवर एकसारखा आवाज कशाकशाचा आहे ते पाहा. जात्याची घरघर हाच त्या ओवीचा ठेका आहे. जात्याची वरची पाळू फिरते त्या लयीत ओळ उचलली जाते आणि दाणे टाकायला हात थांबला की ओळही थांबते. थाळगानात थाळीच्या मध्यावर मेणात उभी केलेली काडी बोटांच्या चिमटीतून ओढत एकसारखा गुणगुणता नाद काढतात आणि त्यावर कथा चालते. सॉफ्टवेअरला जाते आणि थाळी, दोन्ही 'खरखर' वाटतात. घरघर काढून टाकलेली ओवी मी ऐकली आहे. आवाज स्वच्छ होता आणि बाई रिकाम्या खोलीत उगीच थांबत थांबत गाते आहे असे वाटत होते. वाटपाच्या प्रतीत थोडी सफाई करायची तर करा, पण हात आखडता ठेवा.

वेगाचाही असाच एक प्रश्न आपल्यापुढे येईल. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला 4.76 सेंटिमीटर. गावात वीज नसली की टेप सेलवर चाले, आणि सेल उतरत गेले की भरतानाच फीत हळू पळे; आज योग्य वेगाने वाजवल्यावर तेच गाणे शेवटाकडे चढत जाते आणि माणसे घाईत गायल्यासारखी वाटतात. भजनात पेटी असेल तर तिच्या पट्टीवरून किती फरक पडला ते काढता येते, कारण पेटी काही मधेच पांढरी चारवरून काळी तीनला जात नाही. नुसत्या ओव्यांना असा आधार नसतो. मी अशा वेळी जपणुकीच्या प्रतीला हात लावत नाही, 'शेवटची दहा मिनिटे वेग संशयास्पद' अशी नोंद करतो आणि दुरुस्ती फक्त वाटपाच्या प्रतीत करतो.

वाटपाची प्रत करताना कॅसेटची पूर्ण बाजू न देता गाण्यागणिक तुकडे करा, ते एमपीथ्रीत घ्या आणि फाइलच्या आतल्या माहितीत गाणाऱ्यांचे नाव व गाव भरा. एवढ्याने भागत नाही, कारण व्हॉट्सॲपवर गाणे तीन-चार हातांतून गेले की वर लिहिलेला मजकूर गळून पडतो आणि पुढच्या वर्षी तेच गाणे 'पारंपरिक गीत' म्हणून आपल्याकडे परत येते. म्हणून मी वाटपाच्या प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला आठ-दहा सेकंदांची बोललेली ओळख जोडतो: गाणारीचे नाव, गाव, तालुका, साधारण वर्ष, कोणी ध्वनिमुद्रित केले आणि कॅसेटचा क्रमांक. ही ओळख गाण्याला चिकटलेली असल्यामुळे नुसते पुढे पाठवून ती सुटत नाही. काही जणांना सुरुवातीची ही बडबड खटकते, खटकू द्यावी. व्हॉट्सॲपवर फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे ती आहे तशी पोहोचते.

जपणुकीच्या प्रतीचे वाटप मात्र निराळ्या पद्धतीने करा, आणि इथे आपले चार मित्र खरे उपयोगी पडतील. पूर्ण संग्रह, तक्ता आणि फोटो यांची एकेक डिस्क किमान तिघांकडे असावी आणि ते तिघे एकाच शहरात नसले तर उत्तम. एक प्रत क्लाउडवर ठेवायला हरकत नाही. पण ज्याच्या नावावर खाते आहे त्याने पैसे भरणे थांबवले किंवा तो गेला की ते बंद होते, म्हणून तिच्यावर विसंबू नका. दरवर्षी एकदा, दिवाळीच्या सुट्टीत म्हणा, प्रत्येकाने आपली डिस्क लावून पाहावी. मूळ फाइलचे चेकसम, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेले पडताळणीचे आकडे, काढून ठेवले असतील तर एखादी फाइल आतून बिघडली आहे का हे न ऐकताही कळते. घरात लिहिलेल्या सीडी आणि कपाटात पडून राहिलेले पेनड्राइव्ह मी जपणुकीत धरत नाही.

तेव्हा क्रम असा: आधी क्रमांक, फोटो आणि नावे, मग कान मोडणे, बुरशीच्या बाजूला काढणे आणि फेल्ट पाहणे, मग कोन जुळवून वेव्ह प्रत, आणि शेवटी त्यावरून बोललेल्या ओळखीसह एमपीथ्री. तासाच्या कॅसेटला उतरवायला तास लागतोच आणि ऐकून नोंदी करायला जवळपास तेवढाच. पाच जणांनी कामे वाटून घेतली तरी कोन जुळवण्याचे काम एकाच्याच हातात ठेवा, त्याचा कान तयार होतो.

तिसरा प्रश्न कायद्याचा. मी वकील नाही, पण या कामात जे माहीत असावेच लागते ते सांगतो. विकत आणलेल्या कॅसेटवर त्या कंपनीचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे राहतो, म्हणजे 1980 च्या दशकातली एकही कॅसेट आज मोकळी नाही. शिवाय लोकगीताच्या चालीवरचे प्रत्येक गाणे निनावी नसते. आपल्याच जिल्ह्यातल्या, सिन्नर तालुक्यातील देशवंडीच्या वामनदादा कर्डकांची गाणी गावोगाव लोकांची म्हणून गायली जातात. पण वामनदादा 2004 साली गेले आणि लेखकाचा हक्क मृत्यूनंतर 60 वर्षे चालतो, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2064 अखेरपर्यंत राहणार. या कॅसेट स्वतःसाठी उतरवून ठेवा, पण गटावर किंवा यूट्यूबवर टाकू नका.

वडिलांनी स्वतः भरलेल्या कॅसेटचे गणित वेगळे आहे. पारंपरिक ओवीच्या शब्दांवर कोणा एकाचा हक्क नाही. पण ध्वनिमुद्रण वडिलांचे, आणि गाणाऱ्यांना कलाकार म्हणून आपल्या गायनावर हक्क आहे, तो कायद्याने 50 वर्षे चालतो. वैयक्तिक उपयोग आणि अभ्यास यांना कायद्यात सवलत आहे. पाच मित्रांनी आपसांत ऐकणे त्यात बसते असे मी मानतो. दोनशे जणांच्या गटाबद्दल मला तसे म्हणवत नाही आणि यूट्यूब तर त्यात मुळीच बसत नाही. नावे शोधायला गावी जालच, तेव्हा हेही विचारून घ्या की हे गाणे बाहेरच्यांनी ऐकले तर चालेल का, नाव घालू का. होकार फोनवर मुद्रित करून ठेवला तरी पुरतो. एमपीथ्रीची एक प्रत त्या घरी देऊन या, तीही मागण्याची वाट न पाहता.

कायद्याने मोकळे असलेले सगळेच वाटावे असे मात्र मला वाटत नाही. डोंगऱ्यादेवाचा उत्सव मार्गशीर्षातला. त्यातली गाणी आणि वादन त्या दिवसांचे आणि त्या व्रताचे असते. एखाद्याच्या वरातीच्या व्हिडिओखाली ती पावरी लागलेली दिसली तर तिथल्या माणसांना काय वाटेल याचा विचार करून भगताला आणि गावच्या जाणत्यांना विचारल्याशिवाय तो भाग वाटपातून वगळा. बायकांनी आपसांत म्हटलेल्या ओव्यांतही सासरच्या माणसांविषयी नाव घेऊन बोललेले असते, आणि ती माणसे किंवा त्यांची मुले आज त्याच गावात राहतात. अशा ओव्या जपणुकीच्या प्रतीत राहू द्या आणि तक्त्यात त्यांच्यापुढे 'वाटप नाही' असे लिहा.

संग्रह नीट लागला की तो एखाद्या संस्थेकडे ठेवण्याचाही विचार करा. गुरुग्राममध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे, 1982 साली स्थापन झालेले लोकसंगीत व संगीतशास्त्राचे ध्वनिसंग्रहालय आहे. तिथे संग्रह देणाऱ्याचे हक्क त्याच्याकडेच राहतात आणि कोणाला काय ऐकू द्यायचे याच्या अटी घालता येतात. कुठल्याही संग्रहालयाला नुसत्या फिती दिल्या तर त्या त्यांच्यासाठीही मुक्याच असतात. म्हणून पुन्हा, वही आधी.

राहिला चौथा प्रश्न. कॅसेट टाकू नका. विकत आणलेल्यांचे काय करायचे ते तुम्ही ठरवा, पण वडिलांनी भरलेली एकही नाही. आज आपण ज्या डेकवर त्या उतरवाल त्याहून चांगला डेक किंवा अधिक तयार कान उद्या मिळू शकतो, आणि तेव्हा पुन्हा फितीकडेच जावे लागते. फीत पूर्ण एका बाजूला गुंडाळून, कॅसेट उभ्या, डबीत, आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवा; पत्र्याखालच्या माळ्यावर नको, कारण एप्रिल-मेमध्ये तिथली उष्णता फितीला सोसत नाही, आणि स्पीकरच्या शेजारीही नको, कारण त्यात चुंबक असतो. पावसाळ्याआधी सिलिका जेलच्या पुड्या बदला. वडिलांचा टू-इन-वन अजून घरात असेल तर तोही ठेवा, आणि त्याच्या हेडचा स्क्रू कोणाला फिरवू देऊ नका. एखाद्या कॅसेटचा कोन कितीही फिरवून सापडत नसेल तर ती याच यंत्रावर अर्धा मिनिट लावून मूळ आवाज किती लख्ख होता हे ऐकता येते. तेवढ्यापुरता त्याचा बेल्ट बदलून घ्या.

कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीचा जवळून काढलेला फोटो पाठवलात तर बुरशी आहे की नुसती धूळ, हे मी सांगू शकेन.